डोंबिवलीचा समुद्र

महाराष्ट्रात एका पिढीतली बरीचशी माणसं १ जूनला जन्मली आहेत. पोराचं नाव घालायला बाप शाळेत गेला की मास्तर जन्मतारीख विचारायचे, बाप आढ्याकडे बघायचा, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते एवढ्या पुण्याईवर वहीत १ जून पडायची. त्या सोयीचा हिशेब ५८ वर्षांनी चुकता होतो. सगळे एकदमच ३१ मेला निवृत्त होतात, एकदमच शाल-नारळ घेतात, आणि त्यातले कोकणातले असतील ते एकदमच जाहीर करतात, ‘आता गावी जाऊन राहणार.’

गावात काय काय आहे हे चाकरमान्याला तोंडपाठ असतं. म्हणूनच तो तेवढं सगळं मुंबईहून बरोबर घेऊन जातो. परसात हापूसची कलमं असतात, तरी गॅलरीतला कुंडीतला आंबा टेम्पोत चढतो. दारात विहीर असते, तरी वीस लिटरचे जार जातात. पहाटे कोकिळेचा आवाज काढणारं गजराचं घड्याळ गावी नेलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. बाहेरच्या आंब्यावरचा खरा कोकीळ त्या घड्याळाशी अर्धा अर्धा तास हुज्जत घालायचा. पण हे सगळे किरकोळीतले व्यापारी. आमच्या भाऊजींनी घाऊक काम केलं. त्यांनी डोंबिवलीहून पूर्णगडला समुद्र नेला.

पूर्णगड रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे आहे. टेकडीवर लहानसा किल्ला आहे. महाराजांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला, इथे काम पूर्ण झालं म्हणून पूर्णगड, असं सांगतात. तटावर उभं राहिलं की एका अंगाला खाडी, पलीकडे गावखडीचा किनारा आणि समोर थेट अरबस्तानापर्यंत पाणी. मध्ये कुणाचीही गॅलरी आड येत नाही. भाऊजींचं वडिलोपार्जित घर खालच्या वाडीत. पडवीतल्या झोपाळ्यावर बसलं की समुद्र दिसतो, आणि झोपाळ्यावरून उठून आत गेलं की आता आणखी एक दिसतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, बारा मिलिमीटर काचेचा.

हा नाद भाऊजींना लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात लागला. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेली ही वास्तू. रस्ता ओलांडला की समुद्र. तरीही पिढ्यानपिढ्या मुंबईकर त्या फुकटच्या समुद्राकडे पाठ करून तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. २०१५ साली तिथे काचेसारखा पारदर्शक बोगदा झाला, तेव्हा रांग आणखी वाढली. यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. समुद्र फार सार्वजनिक असतो. त्यात कुठला मासा कुठे राहतो याचा ठावठिकाणा नाही, तो कधी दिसेल याची खात्री नाही, आणि दिसलाच तर बहुधा ताटात. आपल्या मध्यमवर्गाला सगळ्या गोष्टी मोजक्या, झाकण असलेल्या आणि दिव्याखाली हव्या असतात. समुद्र तरी अपवाद का?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडलं, तेव्हा तिथल्या हौशी लोकांची अडचण खरी होती. त्यांना समुद्र जवळ नव्हता. म्हणून फिलिप गॉस नावाच्या निसर्गअभ्यासकाने साधं मीठ, मॅग्नेशियमचे आणि पोटॅशियमचे क्षार मोजून-मापून घरच्या घरी समुद्राचं पाणी करण्याची कृती शोधली. भाऊजी गॉसचं नाव गुरूसारखं घेतात. गॉस पूर्णगडला राहत नव्हता, एवढं ताई प्रत्येक वेळी आठवण करून देते.

टेम्पोत चढवायच्या सामानाची यादी भाऊजींनी सुवाच्य अक्षरात केली होती. ताईने ती मोठ्याने वाचली : दगड, वाळू, मीठ, खारं पाणी, मासे. मग कागद खाली ठेवून ती म्हणाली, ‘‘यातलं पूर्णगडला नेमकं काय मिळत नाही, तेवढं सांगा.’’

उत्तर होतं, आणि ते भाऊजींनी दिलंही. पण बायकोने विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर दिलं की संसारात ते उत्तर धरत नाहीत.

दगडांचं असं आहे. खऱ्या प्रवाळाला घरात जागा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खडक बांधणाऱ्या प्रवाळाला वाघाच्या पंगतीला, पहिल्या परिशिष्टात बसवलं आहे. त्यामुळे भाऊजींचे दगड सिमेंटचे, मुद्दाम भोकाभोकांचे केलेले. चिऱ्याच्या खाणी असलेल्या मुलखात माणूस डोंबिवलीहून सिमेंटचे दगड घेऊन येतो, हे बघून टेम्पोवाल्याने भाडं आगाऊ मागून घेतलं. पण सगळा जीव त्या भोकांत आहे. माशाच्या अंगातून अमोनिया सुटतो. बंद टाकीत तो साठला तर मासा स्वतःच्याच पाण्यात विष खाऊन मरतो. दगडांच्या भोकांत राहणारे जंतू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जंतू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि त्यातून मासा वाचतो. ही वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दगड एकदा कोरडा पडला की वस्ती उठली. म्हणजे सबंध टेम्पोत सर्वांत मोलाचा माल कुणालाच दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त खाऱ्या पाण्याच्या निळ्या पिंपांत बुडवून ठेवलेले धोंडे, आणि त्यांना ‘हळू, हळू’ म्हणणारा एक निवृत्त अधिकारी.

वाळूही साधी नव्हे. ती चुनखडीची, पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान धरून ठेवणारी. मात्र अशा वाळूच्या तळाच्या थरात प्राणवायू पोचत नाही, आणि वर्षानुवर्षं न हलवलेला तो थर हलवला की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. भाऊजींनी तिसऱ्या मजल्यावर वाळू उपसायला घेतली आणि जिन्यातून कुजक्या अंड्यांचा वास खाली उतरला. सोसायटीने संध्याकाळी ठेवलेला निरोप समारंभ दुपारीच उरकला.

माशांचा दोन दिवस आधीपासून उपास होता. पोट रिकामं असलं की प्रवासात पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. नेमकी निर्जला एकादशी तोंडावर आली होती, पण हा उपास तसला करता येत नाही. दोन क्लाउनफिश, ‘नेमो’ म्हणून सगळी मुलं ओळखतात ते. तीन निळे डॅमसेल. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना वस्तरा बाळगणारा एक सर्जनफिश. आणि एक फुगणारा पफर. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू, वर थर्माकोलचं खोकं. सर्जनफिशला एकात एक दोन पिशव्या, कारण वस्तरा. पफरला जाळीने बाहेर काढायचं नाही, पाण्याखालीच डब्यात घ्यायचं, कारण घाबरून तो हवा पिऊन फुगला तर ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. निरोप समारंभात भाऊजींचीही साधारण तीच अवस्था झाली होती, असं ताईचं निरीक्षण.

उरलेला प्रश्न वजनाचा. रिकाम्या टाकीची काचच १२० किलोच्या घरात. तिच्यात पाणी मावतं ६८० लिटर, आणि समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून थोडं जडच. दगड-वाळू धरली की हा समुद्र टनाच्या आसपास जातो. सगळं पाणी नेणं शक्य नव्हतं. जुनं एक तृतीयांश पिंपांत भरलं आणि बाकीचं डोंबिवलीच्या मोरीत सोडलं. तिथून ते खाडीत आणि खाडीतून अरबी समुद्रात. मला वाटतं, आमच्या आधी तेच पूर्णगडला पोचलं असणार.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ पासून हात लागलेला आहे, आणि तो अजून कुणी काढलेला नाही. सगळी दुनिया या रस्त्याला शिव्या घालते. भाऊजींनी मात्र पळस्प्याच्या पुढे लागलेल्या पहिल्या खड्ड्यालाच समाधानाचा सुस्कारा सोडला. पाणी डचमळलं की त्यात हवा जास्त विरघळते. घरी याच कामासाठी त्यांनी विजेवरचं महागडं लाटयंत्र बसवलं होतं. ‘‘रस्ता गुळगुळीत असता तर पंप लावावा लागला असता,’’ ते म्हणाले. या महामार्गाबद्दल काढलेला एवढा एकच चांगला शब्द माझ्या कानावर आहे.

एका घाटाच्या पायथ्याशी गाड्या तपासत होते. हवालदाराने पिंपांवर काठी वाजवली.

‘‘काय आहे आत?’’

‘‘समुद्राचं पाणी.’’

‘‘कुठे नेताय?’’

‘‘समुद्रावर.’’

हवालदाराने भाऊजींच्या तोंडाचा वास घेतला. मग पिंपाचं झाकण काढून बोट बुडवलं, चाखलं, थुंकलं, आणि काही न बोलता हाताने ‘जा’ अशी खूण केली.

पूर्णगडला पोचलो त्या दिवशी जूनचा पहिला आठवडा संपत आला होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या, घराघरांत सुकट आणि सुके बोंबील निघालेले. अशा दिवसांत भरपावसात एक टेम्पो वाडीत शिरतो, थर्माकोलची खोकी उतरायला लागतात आणि कुणीतरी पोरगं ओरडतं, ‘‘मासं आयलंत!’’ पंधरा मिनिटांत दारात पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग लागली. एक म्हातारी तर घरून सुरीच घेऊन आली होती. बर्फ का दिसत नाही, एवढीच तिला शंका होती. भाऊजी पडवीत उभे राहून मराठीत, मग शुद्ध मराठीत समजावत होते की हे मासे विकायचे नाहीत, खायचे नाहीत, फक्त बघायचे आहेत. बंदीच्या दिवसांत दारात मासे आणून ते नुसते दाखवणं यासारखी क्रूर गोष्ट त्या वाडीत अलीकडे कुणी केली नसावी.

वाडीतले एक जुने तांडेल पुढे आले. उभा जन्म नौकेवर गेलेला माणूस. त्यांनी एकेक पिशवी उजेडाला धरून पाहिली. नेमोला ‘चिल्लर’ म्हणून बाजूला ठेवलं. डब्यापाशी येऊन मात्र थबकले.

‘‘दादा, ह्यो तर केंड!’’

‘‘पफर,’’ भाऊजी म्हणाले.

‘‘आमच्याकडं केंड. इकत घेतलाव?’’

भाऊजींनी मान हलवली.

‘‘कितीला?’’

‘‘अठराशे.’’

तांडेल पायरीवर बसले. ‘‘जाळ्यात आयला की आई-बापावरनं शिव्या घालतो आमी. जाळी तोडतो मेला दातानं. खावा तर इख. अठराशे?’’ मग बराच वेळ ते समुद्राकडे बघत राहिले. आजवर किती अठराशे परत पाण्यात फेकले, याची बेरीज चालू असावी.

टाकी बसवण्यात गवंडीबाबांची हुशारी कामी आली. एक टन वजन चारी कोपऱ्यांवर सारखं आलं नाही तर काचेच्या सांध्यांवर ताण येतो. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ लावली आणि खोलीची जमीन तीन पिढ्या समुद्राकडे कलती असल्याचं सिद्ध केलं. ती सारखी करून, वर चिऱ्याचा चौथरा बांधून मग टाकी चढली.

पाण्याचा प्रश्न आला तेव्हा सगळी वाडी एकमुखाने म्हणाली, ‘‘समोर हाय की!’’ प्रश्न रास्त होता. भाऊजी क्षारतामापक घेऊन भरपावसात किनाऱ्यावर गेले. ही एक वीतभर नळी असते. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे डोळा लावायचा. समुद्राचं पाणी हजारी ३५ भाग क्षारांचं हवं. पण माचाळच्या डोंगरातून निघालेली मुचकुंदी पावसात जांभ्याची लाल माती घेऊन धो धो येते आणि मुखापाशी सगळं पाणी पातळ करून टाकते. आकडा पस्तिसाच्या निम्म्यालाही पोचला नाही. ‘‘३५ ला पास,’’ भाऊजी परत येऊन म्हणाले. ‘‘तुमचा समुद्र नापास आहे.’’ हे वाडीला लागलं. दोन दिवस कुणी फिरकलं नाही.

मग बोर्डात नापास झालेल्या समुद्रासमोर बसून खासगी शिकवणीचा समुद्र तयार करायला घेतला. चारशेवर लिटर नवं पाणी लागणार होतं, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमने पंधरा-सोळा किलो मीठ. ते वाण्याकडचं आयोडीनचं चालत नाही, पोत्यातलं खडेमीठही नाही. बंद बादलीतून येणारं, किलोला सुरमईचा भाव सांगणारं खास मीठ. खारं पाणी करायला आधी निव्वळ गोडं पाणी लागतं आणि विहिरीचं पाणी किंचित मचूळ. म्हणून पाणी गाळायचं यंत्र आलं. त्यातून एक बादली चांगलं निघालं की तीन बादल्या टाकाऊ निघतं. ते माडांना घातलं. माडांना खारटपणा मानवतो, त्यामुळे या सगळ्या उपद्व्यापात विनातक्रार फायदा झाला तो त्यांचाच.

पुलापलीकडून, गावखडीहून, एक तरुण मुद्दाम बघायला आला. गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि तिथली मंडळी ती राखतात. भरतीच्या किंवा कोल्ह्या-कुत्र्यांच्या तावडीत सापडणारी घरटी उकरून कुंपणातल्या जागेत हलवायची, हे याचं काम. शंभराच्या आसपास अंडी, घातल्यापासून काही तासांत हलवायची, आणि उचलताना फिरवायची नाहीत, नाहीतर आतला जीव जातो. त्याने टाकी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘किती तासांत आणलंत?’’ मासा कुठला, किती किमतीचा, काय खातो, काही नाही. भाऊजींचे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर त्यांना मुद्द्याचा प्रश्न विचारणारा पहिला माणूस भेटला होता. दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. पिशवी फोडली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर चढतो आणि साठलेला अमोनिया एकदम जहाल होतो, म्हणून लांबच्या प्रवासानंतर थेंबाथेंबाने पाणी मुरवायचं तर किती वेळ मुरवायचं, यावर ताईला तिसरा चहा करावा लागला.

मासे टाकीत सोडण्याचाही क्रम असतो. जो सर्वांत दांडगा, तो सर्वांत शेवटी. डॅमसेल बोटभर लांबीचा मासा, पण हद्दीच्या बाबतीत तो थेट कोकणातला भावबंद आहे. एक कपार त्याची म्हणजे त्याची, सातबारा नसला तरी. डोंबिवलीच्या टाकीत तिघांचे दावे ठरून गेलेले होते. इथे दगडांची मांडणी बदलल्याने जुन्या सगळ्या नोंदी रद्द झाल्या आणि आठवडाभर नव्याने मोजणी चालली. वाडीतली माणसं हे बघायला संध्याकाळी जमू लागली आणि पैजा लावू लागली. समुद्राला नापास केल्याचा राग त्या पैजांत विरला.

खरी परीक्षा घेतली ती विजेने. मृगाच्या वाऱ्यात कुठेतरी झाड पडलं आणि लाइट गेली ती परत यायचं नाव घेईना. इन्व्हर्टर मध्यरात्री संपला. बॅटरीवरच्या पंपांनी पहाटेच्या आधी मान टाकली. पाणी हललं नाही तर माशांना प्राणवायू पुरत नाही, म्हणून भाऊजींनी शेवटचा उपाय सांगितला. तांब्याने टाकीतलं पाणी घ्यायचं आणि हात उंच करून परत टाकीत ओतायचं. न थांबता. भाऊजी, ताई, भाचा आणि मी अशा पाळ्या लागल्या. कंदिलाच्या उजेडात, ओलेत्या हाताने संथ धार धरलेला माणूस खिडकीतून कसा दिसतो, हे आमच्या ध्यानात आलं नाही. पाऊस आवरावा म्हणून दादांनी अभिषेक मांडल्याची बातमी उजाडायच्या आत वाडीभर झाली. सकाळी दोन म्हाताऱ्या फुलं आणि दूध घेऊन आल्या. फुलं भाऊजींनी घेतली, दुधावरून थोडा वाद झाला. दुपारी खरोखरच पाऊस उघडला आणि लाइट आली. त्यानंतर टाकीसमोर चपला काढून उभं राहायची पद्धत पडली आहे, आणि तिला विरोध करण्याइतके भाऊजी आता डोंबिवलीचे राहिलेले नाहीत.

नारळी पौर्णिमेला वाडीबरोबर तेही नारळ घेऊन किनाऱ्यावर गेले. घरच्या समुद्रालाही एक वाहावा, असं भाच्याने सुचवलं होतं. नारळाने पीएच बिघडेल म्हणून सूचना बारगळली.

नौका पाण्यात गेल्या त्याच आठवड्यात, एका पहाटे तांडेल पडवीत येऊन उभे राहिले. हातात बादली, बादलीवर ओलं फडकं. ‘‘दादा, केंड,’’ ते म्हणाले. ‘‘जित्ता हाय, तोंडाला जाळं लागू दिलं नाय. डोंबिवलीला अठराशे घेतलान तुमच्याकडनं. गाववाले म्हणून सोळाशे.’’

भाऊजी आत गेले, चष्मा आणि क्षारतामापक घेऊन आले, बादलीतला थेंब काचेवर ठेवून उगवतीकडे डोळा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘बाराशे.’’